कार्तिकात थंडी मोडली की: कोल्हापूर जिल्ह्यासाठी हवामानाचा अंदाज कसा वाचायचा आणि कामं कशी आखायची

दिवाळी उरकते, पहाटे कानटोपी बाहेर निघते, गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात, कारखान्यांच्या गव्हाणीत मोळ्या पडू लागतात. आणि नोव्हेंबरच्या मध्याला किंवा डिसेंबरच्या तोंडावर थंडी मोडते. रात्री पंखा लावावा लागतो, सकाळी आभाळ भरून आलेलं असतं, हवा गदगदते. हे नवलाचं नाही, पण ऐन सुगीत आणि ऐन गळितात येतं म्हणून महागात पडतं. चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) भिजतं, कापलेलं भात रानात पडून राहतं, हरभऱ्यावर अळी चढते. यातलं बरंचसं नुकसान दोन-तीन दिवस आधी कळलं तर टळतं, आणि ते कळण्यासाठी लागणारी माहिती आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर फुकट येते. ती कुठल्या क्रमानं बघायची आणि कशावर किती विसंबायचं, ते इथं सांगतो.

आधी ठरवा: ऊब कोरडी की दमट?

बातमीत 'पारा ३२ अंशांवर' असं आलं की सगळे त्या आकड्याकडं बघतात. या दिवसांत तो आकडा दुय्यम आहे. बघायचं ते किमान तापमान.

कोल्हापुरात नोव्हेंबरमध्ये दुपारचं तापमान साधारण २९-३० अंश आणि पहाटेचं १७-१८ अंशांच्या आसपास असतं. आता दोन दिवस शेजारी ठेवून बघा. एका दिवशी कमाल ३२, किमान १६. दुसऱ्या दिवशी कमाल २८, किमान २१. पहिल्या दिवशी दुपारी चटका जास्त, पण हवा कोरडी आहे, आभाळ निरभ्र आहे आणि पहाटे गारठा टिकून आहे. गूळ, भात, शाळू (रब्बी ज्वारी) कुणालाच त्याचा त्रास नाही. दुसऱ्या दिवशी दुपार सुखाची वाटते, पण पावसाची तयारी तिथं सुरू झालेली असते. रात्री जमिनीतली उष्णता आभाळाकडं निघून जाते म्हणून पहाट गार होते. ढग आणि बाष्प वाकळीसारखे वर पसरले की ती उष्णता अडते आणि पहाटेचा पारा खाली येतच नाही. म्हणून कमाल आणि किमान यांच्यातलं अंतर रोज लिहून ठेवा. हे अंतर १४-१५ अंशांवरून दोन दिवसांत ८-९ अंशांवर आलं, तर थंडी मोडण्याचं कारण बाष्प आहे असं समजा.

हवामान विभाग सरासरीशी तुलना करून जे शब्द वापरतो त्यांना ठरलेले आकडे आहेत. सरासरीपेक्षा दीड अंशापर्यंत कमी-जास्त म्हणजे सामान्य, १.६ ते ३ अंश जास्त म्हणजे सरासरीपेक्षा अधिक, ३.१ ते ५ अंश म्हणजे लक्षणीय वाढ. किमान तापमान सलग दोन दिवस तीन अंशांहून अधिक वर राहिलं की पुढच्या पायऱ्या रोज बघायला सुरुवात करा.

आणखी एक आकडा फार कमी लोक बघतात, तो म्हणजे दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातलं बाष्प दव होऊन बसेल, ते तो सांगतो. बहुतेक हवामान ॲपमध्ये आर्द्रतेच्या जवळपासच तो दिलेला असतो. संध्याकाळी सहा-सातला तो बघा. वारा बदलला नाही तर पहाटेचं तापमान त्याच्या फार खाली जात नाही. दवबिंदू ११-१२ असेल तर रात्र गारठ्याची. १९ असेल तर कानटोपी ठेवून द्या आणि चिपाडावर ताडपत्री ओढा. आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा हा आकडा भरवशाचा आहे, कारण टक्केवारी दुपारी उतरते आणि रात्री चढते, हवेतलं बाष्प तेवढंच असलं तरी.

मग वारा बघा, आणि तो उघड्यावर जाऊन बघा

आपली थंडी उत्तरेकडून येते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात तिकडं पाऊस-बर्फ आणणारी हवेची गडबड) पुढं सरकला की त्याच्यामागून कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि मध्य महाराष्ट्रातून आपल्यापर्यंत पोचतात. या वाऱ्यांची वाट अडली किंवा दक्षिणेकडचे दमट वारे त्यांच्यावर चढ झाले की थंडी मोडते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूचा खरा पावसाळा. ईशान्य मोसमी पाऊस तिकडं जोरात असतो, तेव्हा त्या बाष्पाची शेपटी कर्नाटक ओलांडून आपल्या जिल्ह्यावर येते.

पेठेतल्या गल्लीत वाऱ्याची दिशा कळत नाही. शेंडा पार्कचा माळ, गावाबाहेरचा टेक, नाहीतर आपलंच रान गाठा. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. रात्री आणि पहाटे वारा पडलेला असतो. कारखान्याच्या किंवा गुऱ्हाळाच्या धुराड्याइतकं चांगलं वातकुक्कुट दुसरं नाही. धूर कुणीकडं झुकतो ते बघा आणि मग त्याच्या वरचे ढग कुणीकडं सरकतात तेही बघा. धूर दक्षिणेकडं झुकलेला, म्हणजे खालचा वारा उत्तरेचाच, पण वरचे ढग मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडं निघालेत, असं दृश्य या दिवसांत नेहमी दिसतं. याचा अर्थ खाली थंडी अजून तग धरून आहे, पण वर बाष्प पोचलंय. एक-दोन दिवसांत खालचा वाराही फिरण्याची शक्यता धरून चाला.

आता वाऱ्याकडं पाठ करून सरळ उभे राहा. आपल्या गोलार्धात कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं. वारा पूर्वेचा असेल तर तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला, म्हणजे गडबड तमिळनाडू-केरळच्या बाजूला. वारा दक्षिणेचा असेल तर डावा हात पश्चिमेला, म्हणजे अरबी समुद्रात. वारा उत्तरेचाच असेल तर डावा हात पूर्वेला. बंगालच्या उपसागरात वादळ असलं तरी आपल्याकडं त्याच्यामुळं कोरडी हवाच ओढली जाते. डोंगर-दऱ्यांमुळं दिशा थोडी इकडंतिकडं होते, पण रेडिओ-टीव्ही नव्हते तेव्हापासून खलाशी ज्या नियमावर चालत आले तो हाच.

हवेत बाष्प आणि धुरळा वाढल्याची आणखी एक खूण कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या मंदिरात मावळतीचे किरण देवीपर्यंत पोचतात. आभाळात ढग नसले तरी क्षितिजाजवळ धूसरपणा असला की किरणं फिकी पडतात आणि वरपर्यंत चढत नाहीत. एरवीसुद्धा शहराच्या उंच भागातून जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा स्वच्छ दिसतोय की नाही, हे रोज ठरलेल्या वेळी बघायची सवय लावून घ्या.

समुद्रात काय चाललंय

दिल्लीच्या हवामान विभागाचं चक्रीवादळ केंद्र बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्हींबद्दल रोज माहितीपत्रक काढतं. त्यात कमी दाबाचं क्षेत्र कुठं आहे आणि ते कुणीकडं सरकणार, एवढंच शोधा. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की त्याला 'डिप्रेशन', ५१ झाला की 'डीप डिप्रेशन' आणि ६३ च्या वर गेला की चक्रीवादळ म्हणतात. मग त्याला नाव मिळतं आणि बातम्या सुरू होतात. आपल्यासाठी मात्र नावापेक्षा वाट महत्त्वाची. साधं कमी दाबाचं क्षेत्रही योग्य वाटेनं आलं तर आपल्याकडं चार दिवस आभाळ ठेवतं.

तमिळनाडूवर चढून पश्चिमेकडं निघालेलं वादळ आपल्याला सर्वांत जास्त भोवतं. आपण त्याच्या उत्तर बाजूला पडतो आणि आपल्यावरून पूर्वेचे दमट वारे वाहतात. २०२४ सालचं 'फेंगल' आठवून बघा. ३० नोव्हेंबरला ते पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, आपल्यापासून सुमारे ८०० किलोमीटरवर. त्याचा उरलेला भाग तमिळनाडू, कर्नाटक ओलांडून अरबी समुद्रात उतरला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातली थंडी नाहीशी झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ढगाळ हवेसोबत पाऊसही आला. त्याआधी २०२२ च्या डिसेंबरात 'मंदौस' ममल्लपुरमजवळ आलं, तेव्हाही वाट अशीच होती.

२०२३ चं 'मिचाँग' ५ डिसेंबरला आंध्रात बापटलाजवळ आदळलं आणि उत्तरेकडं वळलं. वादळ त्या बाजूला गेलं की आपण त्याच्या पश्चिमेला राहतो. ढग येतात, पण वारा उत्तरेकडचा राहतो आणि पावसाचा जोर विदर्भाकडं जातो.

तिसरी वाट अरबी समुद्राची. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरलं आणि गुजरातच्या दिशेनं वर सरकलं. डिसेंबरच्या सुरुवातीला कोकण आणि मुंबईत त्यानं पाऊस पाडला. असं वादळ आपल्या पश्चिमेनं वर सरकलं की घाटमाथा आणि त्याला लागून असलेले तालुके आधी भिजतात.

बुलेटिनमधले शब्द मोजून वाचा

हवामान विभागाच्या हिशेबात कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतं, आणि हाच उपविभाग वर खानदेशापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळं 'मध्य महाराष्ट्रात कोरडं हवामान' एवढ्यावर थांबू नका. जिल्हानिहाय तक्ता उघडा. पाच दिवसांचे रकाने असतात, प्रत्येकात पाऊस किती ठिकाणी आणि इशारा कोणता ते दिलेलं असतं.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे एक-चतुर्थांशपर्यंत ठिकाणी, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे तीन-चतुर्थांशपर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. म्हणजे 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' असेल तर तुमच्या गावात पाऊस न पडण्याचीच शक्यता जास्त, आणि तो पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. प्रमाणाचंही तसंच. हलका म्हणजे २.५ ते १५.५ मिलिमीटर, मध्यम म्हणजे ६४.४ पर्यंत. मध्यम हा शब्द सौम्य वाटतो, पण मळणीच्या भातावर ४० मिलिमीटर पडले तर काय होतं ते चंदगड-आजऱ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हे आकडे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे मोजतात. रात्री पडलेला पाऊस उद्याच्या तारखेवर चढतो, हे वहीत नोंद करताना लक्षात असू द्या.

रंगांबद्दल थोडक्यात: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. या दिवसांत आपल्याकडं बहुधा पिवळाच येतो, आणि तो बऱ्याचदा विजांच्या कडकडाटासाठी असतो.

रंग बहुधा अख्ख्या जिल्ह्याला एकच असतो, आणि आपला जिल्हा एकसारखा अजिबात नाही. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. पावसाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं बघायची आपली सवय असते: गगनबावड्यात भरून आलं की कोल्हापूर तयारीला लागतं. कार्तिक-मार्गशीर्षात ती सवय सोडून द्या. बाष्प पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतंय, तर बातमी विचारायची ती बेळगाव, चिकोडी, निपाणी, विजयपुराकडं. सीमाभागात पाहुणे नाहीत असं घर आपल्याकडं सापडणं मुश्कील. एक फोन लावा, तिकडं सकाळपासून थेंब आहेत का विचारा. चंदगड, गडहिंग्लज, शिरोळ या बाजूच्या लोकांना हा फोन फार उपयोगी पडतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो जिल्ह्यानुसार मराठीत मिळतो. गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात तारीख-वार शोधू नका, थंडी परतण्याचा कल तेवढा बघा. विजांसाठी 'दामिनी' ॲप ठेवा. फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपमधलं ढगाचं चित्र मात्र बहुधा संगणकी प्रारूपातून थेट आलेलं असतं, स्थानिक हवामानतज्ज्ञानं ते तपासलेलं नसतं. सहाव्या-सातव्या दिवसावर दिसणाऱ्या पावसाच्या चिन्हावरून मजूर सांगू नका आणि रद्दही करू नका. पहिले दोन दिवस भरवशाचे, तिसरा ते पाचवा दिशा दाखवणारे, त्यापुढचे फक्त कानावर असू द्यायचे.

त्या दिवशी, त्या तासाला

'मौसम'च्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं सतत नवी होत असतात. रात्री इन्फ्रारेड चित्र बघा. पांढरेशुभ्र ठिपके म्हणजे उंच, गार माथ्याचे ढग. पण विरळ, पिसासारखे उंच ढगही पांढरे दिसतात आणि त्यांतून थेंब पडत नाही. म्हणून मागची तीन-चार चित्रं सलग बघा. ठिपका मोठा होत आपल्याकडं सरकतोय की पसरून विरतोय, ते कळतं.

गोव्याचं डॉप्लर रडार आपल्याला जवळचं. पुढच्या दोन-तीन तासांसाठी ते उत्तम, त्यापुढं नाही. पणजीहून कोल्हापूर सुमारे १४० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा किरण जमिनीपासून दोन किलोमीटरहून उंच गेलेला असतो. त्यामुळं खालच्या ढगांतली भुरभुर रडारवर दिसतच नाही. पडदा कोरा आणि अंगणात थेंब, असं झालं तर रडार बिघडलेलं नाही.

कामं कशी हलवायची

गुऱ्हाळाचं गणित सर्वांत नाजूक आहे. चरकातून निघालेलं चिपाड मोकळ्या जागेत पसरून वाळवायचं आणि तेच चुलवाणात घालायचं, यावर सगळं चालतं. दमट हवेत चिपाड वाळत नाही, ओलं चिपाड धुमसतं, काहिलीला हवी तशी आच लागत नाही, आधण (काहिलीतला उकळता रस) उतरायला वेळ लागतो आणि गुळाचा रंग काळपट होतो. म्हणून किमान तापमान चढू लागलं आणि तमिळनाडूकडं कमी दाब दिसला की पहिल्या दिवशीच वाळलेलं चिपाड गोळा करून तीन-चार दिवस पुरेल एवढं झाकून ठेवा. ढीग खालून ओल धरतो, तेव्हा बूड उंचवट्यावर घ्या आणि भोवतीनं चर काढा. ऊस रोजच्या गाळपापुरताच तोडा. तोडून पडलेल्या उसाचं वजन घटतं आणि रसाची प्रतही उतरते. तयार रवे (गुळाच्या ढेपा) जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा. गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि पाझरतो, म्हणून खोलीची दारं-खिडक्या दमट दिवसांत बंदच ठेवा. सौद्याला माल न्यायचा असेल तर शक्यतो आभाळ भरायच्या आधी हलवा.

कारखान्याला जाणाऱ्या उसात अडचण ट्रॅक्टर रुतण्याची. नदीकाठच्या काळ्या रानात वीसेक मिलिमीटर पाऊस झाला तरी ट्रॉली निघत नाही. दोन दिवस आधी चिटबॉयशी (कारखान्याच्या तोडणीचं बघणाऱ्या माणसाशी) बोला: पावसाच्या दिवसांत रस्त्याकडेचे, मुरमाड रानातले फड घ्यायचे आणि आतले पुढं ढकलायचे. तोडणी मजुरांच्या खोप्या उंचवट्यावर आहेत का बघा आणि ताडपत्र्या आधीच पोचवा. लेकरंबाळं घेऊन उघड्या रानात राहणाऱ्या माणसांना हवामानाचा इशारा सांगणं हे मालकाचं आणि कारखान्याचं काम आहे. त्यांच्यापर्यंत तो आपोआप पोचत नाही. उसाच्या उताऱ्यालाही ही हवा मानवत नाही. उन्हाचे दिवस आणि गार रात्री असल्या की उसात साखर भरते.

चंदगड, आजरा, राधानगरी, भुदरगड भागात या दिवसांत भात कापून रानात वाळत पडलेलं असतं. दोन दिवसांत 'काही ठिकाणी पाऊस' असेल तर कापणी थांबवा. उभं भात एका सरीनं तेवढं बिघडत नाही, आडवं पडलेलं बिघडतं. कापलेलं असेल तर बांधून गंज रचा, कणसं आत आणि बुडखे बाहेर. पिंजर भिजली तर वर्षभराच्या वैरणीचा प्रश्न येतो, तेव्हा ताडपत्री एकच असेल तर तिचा विचार आधीच करून ठेवा.

कोरडवाहू शाळू आणि हरभऱ्याला मात्र दहा-वीस मिलिमीटर पाऊस म्हणजे एक पाणी फुकट. शिरोळ-हातकणंगल्याच्या पूर्व भागातला आणि गडहिंग्लजचा शेतकरी या पावसाची वाट बघतो. त्रास होतो तो नंतर रेंगाळणाऱ्या ढगाळ हवेचा. हरभऱ्यावर घाटे अळी, शाळूवर मावा वाढतो. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आधीच लावलेले असले तर पतंग वाढलेले लगेच कळतात. फवारणी करायचीच असेल तर पुढचे पाच-सहा तास कोरडे आहेत का ते जिल्ह्याच्या अंदाजात आणि रडारवर, दोन्हीकडं बघून करा आणि औषध कृषी सहायकाला विचारून घ्या. काजूच्या मोहोरावर अशा हवेत ढेकण्या येतो, द्राक्षावर डाऊनी आणि भुरी. द्राक्षबागायतदार हवामानाच्या बाबतीत आधीच सर्वांत जागरूक असतो, त्याला नव्यानं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

थंडी परततेय हे कसं ओळखायचं

पाऊस थांबला म्हणजे थंडी आली असं नाही. आधी वारा उत्तरेला फिरायला हवा आणि संध्याकाळचा दवबिंदू रोज एक-दोन अंशांनी उतरायला हवा. हे दोन्ही सलग दोन दिवस दिसले की चिपाड पुन्हा पसरायला आणि भात कापायला हरकत नाही. फक्त आभाळ उघडलं पण दवबिंदू १८-१९ वरच अडकला असेल, तर अजून थांबा.

मधल्या एक-दोन पहाटा दाट धुक्याच्या असतात. जमीन ओली, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, असं झालं की पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठानं धुकं बसतं. त्या पहाटे हरभऱ्यावर आणि भाजीपाल्यावर दव साचलेलं असतं, तेव्हा ऊन अंगावर आल्याशिवाय रानात शिरून पिकाला हात लावू नका. ओल्या पानांवरून रोग एका सरीतून दुसऱ्या सरीत जातो. आणि उसानं भरलेल्या ट्रॉल्या सांगली रस्त्याला किंवा महामार्गाला लावण्याआधी मागं लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा आहे का हे स्वतः बघा. नसेल तर धुकं उठेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-साडेआठपर्यंत, गाडी फडातच उभी ठेवा.